घासून घासून काळी झालेली पाठ: एका नवरीची केस

"आमची आंघोळीला गेली की अर्धा तास बाहेर येत नाही, इतकी स्वच्छ आहे," हे तिच्या आईचं माझ्या पार्लरमधलं पहिलं वाक्य. आणि त्याच दमात दुसरं, "तरी बघा ना ताई, पाठ आणि दंड कसे दिसतात, मळ काही निघतच नाही." खरं सांगायचं तर अख्खी केस या दोन वाक्यांत होती. पण मला ते कळायला महिना गेला आणि मधल्या काळात मी स्वतःसुद्धा त्यात भर घातली, म्हणून हे लिहायला बसलेय. तिला विचारूनच लिहितेय, नाव सोडून बाकी सगळं सांग म्हणाली. मी सांगलीत पार्लर चालवते, चौदा वर्षं झाली. डॉक्टर नाही, त्यामुळे जे डॉक्टरांचं आहे ते डॉक्टरांचं म्हणूनच सांगेन.

मुलगी २७ वर्षांची, बँकेत नोकरी, लग्न फेब्रुवारीत. दिवाळी संपून लग्नसराई सुरू व्हायच्या मधल्या त्या दिवसांत आली होती. ब्लाउज मागून खोल गळ्याचा शिवायला टाकलेला, नॉट आणि लटकन वगैरे, त्यामुळे सगळं टेन्शन पाठीचं. बॉडी पॉलिशिंगचं पॅकेज हवं होतं, तीन सिटिंगचं. मी पाठ बघितली. दोन्ही खांद्यांच्या पात्यांवर, मानेखाली मणक्याचं जे मोठं हाड हाताला लागतं तिथे, गळ्याजवळच्या दोन्ही हाडांवर आणि दंडाच्या बाहेरच्या बाजूला मातकट तपकिरी रंग, कडा धूसर, जणू कोणी ओल्या बोटाने कॉफी पसरवलीय. दंडावर शिवाय बारीक खडबडीत दाणे, हात फिरवला की किसणीसारखे लागणारे. मी मनात म्हटलं, टॅन आणि डेड स्किन. आमच्या धंद्यात हे दोन शब्द इतके तोंडात बसलेत की पुढचा विचारच होत नाही. पाठ वर्षभर कुर्त्याखाली झाकलेली असते, तिथे टॅन येणार कुठून, हा साधा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता.

पहिलं सिटिंग केलं. आमचं पॉलिशिंग म्हणजे आधी क्लेन्झिंग, मग दाणेदार स्क्रब हातमोजा घालून वीस मिनिटं, मग पॅक, मग क्रीमचा मसाज. ती आरशात बघून खूश. दोन दिवस खरंच छान दिसलं आणि ते का दिसतं ते पण सांगते, कारण याच दोन दिवसांवर आमचा अर्धा धंदा चालतो. वरचे सुटत आलेले पापुद्रे गेले की कातडी सपाट होते, त्यावर क्रीमचा किंवा तेलाचा थर असतो, सपाट ओलसर पृष्ठभागावरून उजेड नीट परत येतो, म्हणून चमक. रंग तसूभरही बदललेला नसतो. तिसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन, "ताई, पाठीची आग होतेय आणि रात्रभर खाजवलंय." मी कोरफड लाव म्हटलं. बारा-पंधरा दिवसांनी दुसऱ्या सिटिंगला आली तेव्हा पात्यांवरचा रंग आधीपेक्षा गडद होता, आणि हे मी म्हणतेय म्हणून नाही, आमच्याकडे आधीचा फोटो होता, त्याच खिडकीशी त्याच वेळेला काढलेला. दोन फोटो शेजारी ठेवले आणि माझ्या पोटात गोळा आला. चौदा वर्षांत असं आधी कितीजणींचं झालं असेल आणि त्या न बोलता दुसऱ्या पार्लरला गेल्या असतील, देव जाणे.

दुसरं सिटिंग केलंच नाही. पैसे परत देते म्हटलं, त्यावर तिची आई म्हणाली पैसे राहूदेत, उपाय सांगा. मग मी तिला म्हटलं, उद्या येताना बाथरूममध्ये अंगाला लागणारं जे जे आहे ते पिशवीत घालून घेऊन ये, काहीही मागे ठेवू नकोस.

ती आली आणि काउंटरवर एकेक काढून ठेवायला लागली. गुलाबी नायलॉनची जाळी, जी खरंतर आता गुलाबी नव्हती, कडांना पांढुरकी होऊन तिचे धागे कडक झालेले, दीड वर्ष एकच वापरत होती. वजरी, ती टाचांसाठी असते तशीच, पण ही कोपरांना आणि गुडघ्यांनाही लावायची. एक कोरियन हातमोजा, ऑनलाइन मागवलेला, खरखरीत कापडाचा. आणि लोणच्याच्या जुन्या बरणीत घरचा स्क्रब: साखर, कॉफी, खोबरेल तेल, आणि आयत्या वेळी पिळायला अर्धं लिंबू. शिवाय एक ट्यूब, मेडिकलवाल्याने "डाग जातील" म्हणून दिलेली, तिच्यावर पुढे येते.

आता या बरणीकडे जरा नीट बघूया, कारण घरोघरी हीच बरणी आहे. साखर आमच्या भागात कोणाला शिकवावी लागत नाही, कारखान्यांचा पट्टा हा, एस म्हणजे बारीक आणि एम म्हणजे जाड हे पोराटोरांना पण माहीत असतं. हिने घातलेली होती एम. दाणा चिमटीत धरून बघा, चौकोनी, कडा एकदम धारदार. साखरेचा एक गुण असा की पाण्यात विरघळते, म्हणजे ओल्या अंगावर लावली तर मिनिटाभरात कडा बोथट होतात आणि ती फार छळत नाही. पण ही कुठल्याशा रीलमध्ये बघून कोरड्या अंगावर, तेलात कालवून लावायची. तेलात साखर विरघळत नाही. म्हणजे दहा मिनिटं घासलं तर दहाही मिनिटं धार तशीच्या तशी. कॉफी मात्र इन्स्टंट होती, तिने फक्त बाथरूमच्या फरश्या रंगवल्या बाकी काही नाही. आणि वर लिंबू. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट. कातडीचा स्वतःचा आंबटपणा साधारण पाच पीएचच्या आसपास असतो, लिंबाचा रस दोन-अडीच. आकडा अडीच-तीननेच कमी दिसतो पण पीएचचा एकेक आकडा म्हणजे दहापट, त्यामुळे हा फरक शेकडो पटींत जातो. घासून ओरखडलेल्या कातडीवर तो पिळायचा आणि "चुरचुरलं म्हणजे काम करतंय" म्हणायचं. लिंबात अजून एक भानगड असते, त्याच्या रसातली काही द्रव्यं कातडीवर राहिली आणि ऊन लागलं की दीड-दोन दिवसांनी तिथे भाजल्यासारखे चट्टे येतात आणि मागे महिनोन्‌महिने तपकिरी डाग ठेवून जातात. हिच्या नशिबाने ती लिंबू रात्री लावायची आणि धुवायची, त्यामुळे तेवढं तरी टळलं.

मी कागद घेतला आणि आठवड्याचा हिशोब मांडला. जाळी रोज, दहा मिनिटं. बरणी आठवड्यातून तीनदा. हातमोजा रविवारी. वजरी जमेल तेव्हा. वॅक्सिंग केलं त्याच संध्याकाळी बरणी, कारण "पोअर्स ओपन असतात ना". हिशोब लिहून झाल्यावर तीच म्हणाली, "ताई, हे वाचून असं वाटतंय की मी भांडं आहे."

हातमोज्याबद्दल थोडं विषयांतर. कोरियात त्याला इटली टॉवेल म्हणतात, कापड सुरुवातीला इटलीतून यायचं म्हणून ते नाव पडलं असं सांगतात. तिथल्या सार्वजनिक स्नानगृहांत माणसं आधी बराच वेळ गरम पाण्यात डुंबून कातडी पार मऊ करतात, मग घासतात, आणि हे रोज नाही करत. आपण काय उचललं, तर फक्त मोजा. बादलीभर पाण्याची पाच मिनिटांची आंघोळ, त्यात कातडी भिजतसुद्धा नाही, आणि त्यावर हा मोजा. आपल्या उटण्याचंही आपण तेच केलंय. नरक चतुर्दशीला आधी तेल, अंग चांगलं चोळून, तेल मुरल्यावर उटणं. तेलाने घसरण येते आणि उटण्यात डाळीचं पीठ, मुलतानी माती, नागरमोथा, आंबेहळद, वाळा असं वस्त्रगाळ केलेलं असायचं, साखरेसारखं धारदार काही नसायचं. आणि ते असायचं सणासुदीला. आता पाकिटातलं भरड उटणं, कोरड्या अंगाला, दिवाळीची चार दिवस आणि उरलेलं पाकीट संपेपर्यंत रोज.

असो. खरी गोष्ट त्या दिवशी आरशासमोर उलगडली. मी तिला उभं केलं आणि म्हटलं, तू जाळी कशी फिरवतेस ते मला हवेत करून दाखव. तिने उजवा हात डाव्या दंडावर नेला आणि खसाखसा वरखाली. मग डावा हात उजव्या दंडावर, जरा हळू, कारण डाव्या हाताला तेवढा जोर नाही. मी दंड बघितले. डावा दंड उजव्यापेक्षा स्पष्ट काळा होता! मग पाठ. वरून हात टाकून मानेखालपर्यंत, खालून हात मुरडून कमरेपासून वर, आणि बाजूने पात्यांवर. मध्ये, दोन्ही पात्यांच्या आत, मणक्याच्या खोलगट पन्हळीत एक पट्टा राहतो जिथे कुठल्याच बाजूने हात पोचत नाही. तो पट्टा तिचा स्वच्छ गोरा, लहान मुलासारखा नितळ होता. कडेची सगळी पाठ घासलेली आणि काळी, आणि जिथे आयुष्यात जाळी पोचली नाही तिथे एक डाग नाही. मळ असता तर उलटं असायला हवं होतं ना? जिथे हात पोचत नाही तिथे मळ साचायला हवा होता. मी मोबाईलवर फोटो काढून मायलेकींना दाखवला. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "तिथे जन्मजात गोरी असेल."

मग मी स्किनच्या डॉक्टरांकडे पाठवलं, मिरजेला, आणि सोबत गेलेही, कारण माझाही त्यात हात होता आणि मला ऐकायचं होतं.

डॉक्टरबाईंनी पहिलं काय केलं तर स्पिरिटचा बोळा घेतला आणि पात्यावरच्या काळ्या भागावर चांगला चार-पाच वेळा पुसला. बोळा पांढराच राहिला. तो त्यांनी आईंच्या हातात दिला, "काकू, मळ असता तर यावर आला असता." म्हणजे मळासारखा चिकट थर साचून कातडी काळपट दिसते असं काही जणांत होतं खरं, आणि ते साबणाने न जाता स्पिरिटने पुसलं जातं, म्हणून आधी ही परीक्षा. हिच्यात तसलं काही नव्हतं. मग भिंगासारखं दिव्याचं यंत्र लावून बघितलं, मान आणि काखा बघितल्या. मान-काखेत मखमलीसारखा जाडसर काळेपणा असेल तर तो वेगळा विषय, त्यात शुगर आणि वजन बघावं लागतं, आणि आमच्याकडे येणाऱ्या किती मुलींना "मान घास" म्हणून घरचे ओरडतात त्या सगळ्या माझ्या डोळ्यांसमोरून गेल्या. हिची मान ठीक होती. निदान सांगितलं फ्रिक्शन मेलॅनोसिस, म्हणजे घर्षणाने आलेला काळेपणा. हाडांच्या उंचवट्यांवर जास्त येतो कारण तिथे खाली मऊ गादी नसते, जाळी आणि हाड यांच्यामध्ये कातडी चिरडली जाते. भारतात नायलॉनच्या जाळ्यांनी हे भरपूर दिसतं म्हणाल्या, आणि जपानमध्येही १९८०च्या दशकात नायलॉनच्या टॉवेलने अंग घासणाऱ्यांत असलेच डाग डॉक्टरांनी नोंदवले होते. याचाच एक भाऊ असतो, मॅक्युलर अमायलॉयडोसिस, त्यात पाठीवर वाळूत लाटा उठाव्यात तशा काळ्या रेघा दिसतात आणि खाज असते, वर्षानुवर्षं घासण्या-खाजवण्याचा त्याच्याशी संबंध लावतात. हिच्यात तशा रेघा दिसत नव्हत्या. सहा-आठ महिन्यांत काहीच फरक पडला नाही तर बारीक तुकडा काढून तपासू, आत्ता गरज नाही, असं ठरलं. दंडावरचे दाणे म्हणजे केराटोसिस पिलारिस, केसाच्या मुळाशी केराटिनचं, म्हणजे कातडीतल्या कडक द्रव्याचं बूच बसतं, कित्येकांना असतं, घरात एकाला असलं की दुसऱ्यालाही सापडतं. डॉक्टरांनी आईंच्या दंडाला हात लावला, तिथेही होतेच.

घासल्याने काळं का होतं हे त्यांनी जसं सांगितलं तसं माझ्या भाषेत सांगते. आपण ज्याला डेड स्किन म्हणतो तो सगळ्यात वरचा थर अंगावर बहुतेक ठिकाणी १० ते २० मायक्रॉन जाड असतो, वहीचा साधा कागद साधारण १०० मायक्रॉनचा, म्हणजे कागदाचा पाचवा हिस्साही जेमतेम. मेलेला असला तरी तो कचरा नाही, घराच्या कौलांसारखा आहे, आतलं पाणी आत आणि बाहेरचं बाहेर ठेवतो. आणि तो स्वतःच झडतो. खाली तयार झालेली पेशी वर येऊन गळून पडायला साधारण चार आठवडे लागतात, पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारे टाके कातडीतलीच द्रव्यं हळूहळू उसवत असतात, त्या कामाला थोडी ओल लागते आणि पीएचही योग्य लागतो. कातडी कोरडी पडली किंवा साबणाने पीएच चढला की तो उसवण्याचा उद्योगच बिघडतो आणि पापुद्रे अर्धवट सुटून खरखर लागते. मग आपण अजून घासतो. जळजळ झाली की रंग बनवणाऱ्या पेशी जास्त मेलॅनिन सोडतात, आपल्यासारख्या सावळ्या-गव्हाळ कातडीत तर हे फारच पटकन होतं, आणि रोजच घासत राहिलं तर त्यातलं काही मेलॅनिन खालच्या थरात सांडतं. वरच्या थरातलं काही आठवड्यांत, महिन्यांत झडून जातं. खाली सांडलेलं कुठल्याही स्क्रबच्या बापाला काढता येत नाही, कारण तिथपर्यंत पोचायचं तर रक्त काढावं लागेल.

आणि मळाच्या त्या वळ्या? तिने विचारलंच. अंगावर हात चोळला की करड्या शेवयांसारख्या निघतात त्या. त्यात थोडे पापुद्रे असतात, थोडा घाम आणि तेल, आणि बऱ्याचदा लावलेल्या क्रीमचा, साबणाचा, पिठाचाच गोळा असतो. कोणाच्याही अंगावर कधीही चोळा, निघतातच. त्या निघायच्या थांबेपर्यंत घासायचं ठरवलं तर घासणं थांबणारच नाही.

ट्यूब डॉक्टरांनी नाव वाचून सरळ डब्यात टाकली. त्यात स्टेरॉइड होतं, वर अजून दोन औषधं मिसळलेली, हे चिठ्ठीशिवाय देऊच नये असा नियम आहे आणि तरी मिळतं. तीन आठवडेच लावली होती म्हणून निभावलं.

उपाय इतका साधा होता की आईंचा चेहरा पडला. जाळी, वजरी, मोजा, बरणी बंद, पूर्ण बंद. कोमट पाणी, गरम नाही. अंगाला हाताने सौम्य क्लेन्झर, तोही काख, जांघ, पाय आणि जिथे खरंच घाम येतो तिथेच, रोज दंड-पाठ साबणाने धुवायची गरज नाही. टॉवेलने टिपायचं, रगडायचं नाही. अंग ओलसर असतानाच तीन-चार मिनिटांत मॉइश्चरायझर, रात्री पुन्हा. पहिले चार आठवडे एवढंच. त्यानंतर दंडावर आणि पात्यांवर एक दिवसाआड रात्री युरिया आणि लॅक्टिक ॲसिड एकत्र असलेलं क्रीम. इथे आई एकदम सावध झाल्या, "युरिया? उसाला घालतो तो?" डॉक्टर हसल्या, म्हणाल्या नाव तेच, पण हा कातडीत आपल्या आपण पण असतो, पाणी धरून ठेवतो, आणि प्रमाण वाढवलं की कडक केराटिन मऊ करतो. म्हणजे एक्सफोलिएशनच, फक्त घासून नाही तर टाके हळूच सैल करून. गळा आणि पाठ उघडी पडते तिथे दिवसा सनस्क्रीन.

आता सगळ्यात अवघड भाग, आणि तो औषधाचा नव्हता. पहिल्या आठवड्यात तिचे रोज मेसेज. "ताई अंग चिकट वाटतंय." "ताई मला माझाच वास येतोय असं वाटतं." वास-बिस काही नव्हता, लहानपणापासून आंघोळ म्हणजे लाल होईपर्यंत घासणं ही सवय, ती सुटताना माणूस स्वतःलाच पारोसा वाटतो. चिकटपणाचं एक कारण मात्र खरं निघालं, त्यांच्याकडे बोअरचं जड पाणी आहे, त्यात साधा साबण नीट धुतलाच जात नाही, त्याचा चुन्यासारखा थर अंगावर राहतो आणि तो "मळ" समजून ती अजून घासायची. साबणवडी सोडून क्लेन्झर आणला तसा आठवडाभरात चिकटपणा कमी झाला. खाज तीन आठवड्यांनी गेली, रात्रीची आधी, मग दिवसाची. मधे एकदा घोटाळा झाला, आईंनी "थोडंसंच" म्हणून भरड बेसन आणि दही रगडलं, दोन दिवस पुन्हा आग. मी आईंना फोन केला आणि जरा आवाज चढवून बोलले, मग वाईट वाटलं, वयाने मोठ्या आहेत. पण नंतर नाही लावलं त्यांनी.

क्रीम सुरू केल्यावर पहिल्या दिवशी चुरचुरलं, मग एक दिवसाऐवजी दोन दिवसाआड केलं. जानेवारीच्या शेवटी दंडावर हात फिरवला तर किसणी गेली होती, बारीक रव्यासारखं लागत होतं. रंग? फोटोत बघितलं तर डावा दंड आणि उजवा दंड सारखे व्हायला लागले होते, म्हणजे डावा उतरला होता. पाती मात्र अजून काळसर.

लग्नात तिने तोच खोल गळ्याचा ब्लाउज घातला. मेकअपवालीने पाठीला फाउंडेशन लावायचं विचारलं, तिने थोडंसं लावून घेतलं, थोडंसं नको म्हणाली. हळदीला मी स्वतः हजर होते आणि उभी राहून दरवाजातल्या पहारेकऱ्यासारखं एकेका काकू-मावशीला सांगत होते, लावा पण चोळू नका, नुसती टेकवा. हळद तेलात कालवलेली, बारीक चाळलेली. एक आत्या म्हणाल्या, "काय बाई, नवरी आहे का फुलदाणी." म्हटलं, आजच्या दिवस फुलदाणीच समजा आत्या.

माझ्या पार्लरमध्ये काय बदललं तेही सांगते. बॉडी पॉलिशिंगचा हातमोजा काढून टाकला. आता आधी विचारते, घरी कशाने घासता, किती वेळा, आणि मागच्या आठवड्यात वॅक्सिंग केलंय का. हाडांच्या उंचवट्यावर काळं आणि मधल्या पन्हळीत उजळ अशी पाठ दिसली की स्क्रब करत नाही, नुसता तेलाचा मसाज देते आणि डॉक्टरांचं नाव सांगते. या सीझनला त्यामुळे चार पॅकेजेस गेली हातची, खोटं कशाला बोलू, दुखलंच.

स्क्रब कधीच करू नये असं मी म्हणत नाही हां. टाचा जाड असतात, तिथे पाय दहा मिनिटं भिजवून वजरी चालते, ती त्यासाठीच आहे. ज्यांची कातडी ठणठणीत आहे, काळे डाग नाहीत, खाज नाही, त्यांनी आठवड्यातून एकदा, अंग पूर्ण भिजल्यावर, एस साखर किंवा वस्त्रगाळ मसुरीचं पीठ, भरपूर तेलात किंवा सायीत, बोटांच्या पोटाने मिनिटभर, आणि लगेच मॉइश्चरायझर, एवढं केलं तर कोणाचं काही बिघडत नाही. अक्रोडाच्या कवचाची पावडर, जाडं मीठ आणि बेकिंग सोडा अंगापासून लांब ठेवा. वॅक्सिंगच्या आधी दोन दिवस आणि नंतर तीन-चार दिवस काहीच नको. लिंबू सरबतात. आणि घासून झाल्यावर कातडी लाल दिसत असेल तर जास्त झालंय, "रक्ताभिसरण वाढलं" वगैरे काही नाही.

परवा ती माहेरपणाला आली होती, लग्नाला सहा महिने होऊन गेले. नेहमीच्या खिडकीशी फोटो काढला. दंड जवळपास साफ, दाणे थोडे आहेत, क्रीम सोडलं की परत येतात, हिवाळ्यात जास्त. गळ्याजवळची हाडं उजळली. पात्यांवर सावली आहे अजून, पहिल्या फोटोच्या निम्मी म्हणता येईल, डॉक्टर म्हणाल्या अजून वर्ष जाईल आणि थोडी कदाचित राहीलही. तिला त्याचं आता फारसं काही वाटत नाही असं ती म्हणाली, मला पूर्ण खरं वाटलं नाही, पण आंघोळ सात मिनिटांत होते हे तिच्या नवऱ्याने सांगितलं.

आई सोबत होत्याच. जाताना हळूच साडी वर करून नडगी दाखवली, दोन्ही नडग्यांवर तोच मातकट रंग, मधल्या हाडावर सगळ्यात गडद. "माझं हे वयाचं असेल ना ताई?" मी विचारलं, काकू, पायाला काय लावता? तर म्हणाल्या, तिची ती गुलाबी जाळी होती ना, टाकवली नाही मला, चांगली होती.

जाळी मी दुसऱ्या दिवशी मागवून घेतली. सध्या माझ्या स्वयंपाकघरात आहे, अळकुड्यांवरची माती काढायला, त्या कामाला झकास आहे.